खाली ठेवलेला फिंजान

माझं लग्न एका फिंजानावर जमलं, चार कपांवर अडलं आणि शेवटी एका कपावर सुटलं. मधल्या काळात अमेरिकेने आमच्या तेलविहिरी बळकावल्या. ती गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. माझ्या लग्नाची नाही, म्हणून सांगते.

मी फिद्दा. उम्म अथल वस्तीतल्या मुतलकची मुलगी. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून माणसं त्यांना माझ्याच नावाने अबू फिद्दा, म्हणजे फिद्दाचा बाप, अशी हाक मारायची, आणि काही जण ती मारताना मिशीत हसायचे. बाबा त्यांना जास्तीची कॉफी ओतायचे. बाबांचा राग मी आयुष्यात दोनदा पाहिला, आणि त्यातल्या एका वेळी चूक माझी होती. तेही पुढे येईलच.

आमच्यात मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा. त्याने मोकळी केल्याशिवाय मुलगी दुसरीकडे देता येत नाही. माझा चुलतभाऊ जदान. उंच, काटकुळा, जिभेने तिखट आणि डोळ्यांनी ससाण्याच्या वरचढ. रमजानचा चंद्र आमच्या पंचक्रोशीत आधी जदानला दिसायचा, आणि त्याने "दिसला" म्हटलं की काझीसुद्धा दुसरा साक्षीदार शोधत बसायचा नाही. त्याचा जीव माझ्यावर होता की नुसत्या हक्कावर, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्यालाही कळत नसावं.

मला हवा होता फालेह. तो तेलविहिरींवर कामाला होता. एकोणीस विहिरींचे व्हॉल्व्ह उघडायचे, मिटायचे, दाब बघायचा, हे त्याचं काम. कमी बोलायचा आणि बोलला तर विहिरींबद्दलच बोलायचा. पाण्याच्या टँकरपाशी त्याने माझी कळशी उचलून दिली आणि म्हणाला, "सात नंबरचा व्हॉल्व्ह जरा कुरकुरतोय." एवढ्यावर मी भाळले. माणसाला काय आवडेल ते सांगता येत नाही.

तर तो एक दिवस जदानच्या तंबूत गेला, बसला, हातात आलेला कॉफीचा फिंजान, म्हणजे बिनकानाचा छोटा पेला, त्याने ओठाला न लावता समोर ठेवला. आमच्याकडे पाहुण्याने फिंजान असा ठेवला की त्याला मागणं आहे असं समजायचं. मग यजमानाने विचारायचं, आणि ऐकून "पी" म्हटलं की मागणं मंजूर. पाहुण्याने कॉफी न पिता जाणं ही यजमानाची नाचक्की. आणि यजमानाने विचारायच्या आत पाहुण्याने तोंड उघडणं म्हणजे भीक.

जदानने विचारलं. फालेहने सांगितलं. जदान बराच वेळ शेकोटीतला निखारा खालवर करत राहिला.

"पी," तो शेवटी म्हणाला. "मोकळी केली. पण सुरय्या मावळेपर्यंतच. त्याआधी तू काकांच्या तंबूत नवरा म्हणून बसला नाहीस, तर मी मोकळी केलीच नव्हती असं समज."

सुरय्या म्हणजे कृत्तिकांचा पुंजका. वसंत सरत आला की तो रोज संध्याकाळी पश्चिमेला आणखी खाली उतरतो आणि एका संध्याकाळी दिसेनासा होतो. मग चाळीस दिवस गुडूप. तेव्हा तर शरद होता. सहा महिने म्हणजे भरपूर, असं फालेहला वाटलं. मलाही वाटलं.

त्या वर्षी अरबांनी तेल रोखून धरलं होतं आणि तिकडे अमेरिकेत म्हणे पेट्रोलसाठी गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. जानेवारीतल्या एका सकाळी आईने दही घुसळायची कातडी पिशवी तिकाटण्याला टांगली, आणि लोणी काढून ती उतरवेपर्यंत विहिरी अमेरिकेच्या झालेल्या होत्या. आकाशातून माणसं उतरली, समुद्राकडून गाड्या आल्या. आमच्या अमिराच्या पहारेकऱ्यांकडे अकरा बंदुका होत्या. त्यांतल्या एकाने आकाशाकडे एक बार काढला आणि मग सगळ्यांना चहा दिला गेला. दक्षिणेकडच्या वस्त्यांत असं झालं नाही. तिथे माणसं मेली, तंबू जळाले. ते मी हसत सांगणार नाही, आणि रडत सांगायला ती माझी माणसं नव्हती, म्हणून एवढंच सांगते.

आठवड्याभरात विहिरींभोवती तारेचं कुंपण आणि त्याला दोन पल्ल्यांचं लोखंडी फाटक बसलं. आत आमची त्रेचाळीस कामकरी माणसं राहिली. "तुमच्याच सुरक्षेसाठी," असं त्यांना सांगण्यात आलं. खरं म्हणजे कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा हे त्या त्रेचाळिसांनाच माहीत होतं. विहिरी जिंकून घेता येतात, पण त्यांचे स्वभाव जिंकून घेता येत नाहीत.

दुपारच्या नमाजानंतर फालेह टाकीच्या शिडीवर चढून डोक्याचा रुमाल सोडून हलवायचा. मी शेळ्या त्या बाजूच्या टेकाडावर न्यायला लागले. शेळ्यांना तिथे खायला काडीसुद्धा नव्हती. त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी टाकीकडे.

जदान एकदा मागून आला. "रुमाल धुतलेला नाही त्याने," म्हणाला.

"तुला एवढ्या लांबून रुमाल दिसतो?"

"मला त्याचा कुरकुरणारा व्हॉल्व्हसुद्धा दिसतो," जदान म्हणाला आणि शेळ्यांना हाकत खाली घेऊन गेला.

फेब्रुवारीत त्यांचा कर्नल आमच्या तंबूत आला. हॅस्कल नाव. लाल कानांचा, पन्नाशीचा माणूस. बंदूक त्याने बाहेर ठेवली, बूट काढले, उजव्या हाताने सलाम केला. आईने पडद्याआडून बघून "कुणाचा तरी बाप आहे" असा शेरा मारला. बरोबर दुभाषा नबील, बैरूतचा, आरशासारखे चकचकीत बूट घातलेला. त्याचं अरबी इतकं शुद्ध होतं की बाबांना अधूनमधून ते पुन्हा विचारावं लागायचं.

बाबांनी स्वतः कॉफी भाजली, कुटली, वेलची टाकून उकळली. पहिला फिंजान स्वतः प्यायले, दुसरा कर्नलला दिला. कर्नलने तो ओठापाशी नेला. चटका बसला की वास चढला, देव जाणे, पण त्याने तो तसाच समोरच्या चटईवर ठेवला.

तंबूत बसलेल्या दहाबारा माणसांच्या नजरा फिंजानावर गेल्या. पडद्याआड आईने माझा दंड धरला.

"सांगा, पाहुणे," बाबा म्हणाले. "काय मागणं आहे?"

नबीलने विचारलं. कर्नल हसून काहीतरी बोलला. "काही नाही, म्हणतात," नबील म्हणाला. "सहज भेटायला आलो."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. बाबांच्या जागी बसून विचार करा. ज्याने काल बंदुकीच्या जोरावर विहिरी घेतल्या, तो आज आपल्या पायांनी येतो, खाली बसतो, फिंजान ठेवतो आणि विचारलं तर तोंड उघडत नाही. याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो. मागणं इतकं अवघड आहे की माणसाला ते बोलायची लाज वाटते आहे.

"प्या," बाबा म्हणाले. "माफ केलं."

नबीलला वाटलं ही खेड्यातली आर्जवं आहेत. त्याने फक्त "प्या"चं भाषांतर केलं. कर्नल नाक मुरडत कॉफी प्यायला, त्याने खजूर खाल्ले, आभार मानले आणि गेला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य फौजेला आमच्या चटईवर माफी मिळाली होती आणि त्या फौजेला त्याचा पत्ता नव्हता.

कर्नलच्या गाडीची धूळ बसायच्या आत जदान बोलला, "काका, एका घोटात एकोणीस विहिरी देऊन टाकल्यात."

"विहिरी नाही दिल्या. माफी दिली."

"फरक काय पडतो?"

"माफ केलेल्या माणसाच्या अंगावर आपण जात नाही. एवढाच पडतो."

जदानने कुठेतरी वाळूत काहीतरी पुरून ठेवलं होतं आणि रोज संध्याकाळी ते पुसूनबिसून बघायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. ते त्याला पुन्हा पुरावं लागलं. पार अमिराच्या दिवाणखान्यापर्यंत बाबांचं हसं झालं. अबू फिद्दाने अमेरिकेला माफ केलं म्हणे. पण आमच्या वस्तीतून कुंपणावर एकही गोळी गेली नाही आणि कुंपणातून आमच्यावर एकही आली नाही. लोक बाबांना हसले, आणि हसायला शिल्लक राहिले.

एप्रिल आला. सुरय्या संध्याकाळी हाताच्या दोन वितींवर आली, मग एका वितीवर. आईने लग्नाचा झगा शिवून तयार ठेवला होता. ती तो रोज काढायची, झटकायची आणि काही न बोलता पुन्हा ठेवायची. मला तिचा राग यायचा. शेवटी बाबा म्हणाले, "मी जातो. त्याने आपल्याकडे फिंजान ठेवला होता, आता मी त्याच्याकडे ठेवतो."

जदानकडे पिकअप होती. तोच त्यांना घेऊन गेला, माझ्यावर हक्क सांगणारा असूनही. तिथे काय झालं ते त्यानेच येऊन सांगितलं, आणि सांगताना त्याला इतकं हसू येत होतं की आईने त्याला उलथणं दाखवलं.

"पत्र्याच्या खोलीत बसवलं," जदान म्हणाला. "बादलीएवढ्या कपात कॉफी आणली. काकांनी कप समोर ठेवला. कर्नल म्हणाला, कॉफी आवडत नाही वाटतं, चहा आणा. चहा आला. काकांनी तोही ठेवला. मग संत्र्याचा रस आला, तो ठेवला. मग दूध आलं, काकू. डब्यातलं दूध. तेही ठेवलं. टेबलावर चार कप आणि काका मधे बसलेले, चहाचं दुकान मांडल्यासारखे."

"आणि त्याने विचारलं नाही?" आईने विचारलं.

"तो बैरूतवाला म्हणाला, यांना तहान नसावी."

बाबा दुपारच्या अजानपर्यंत तिथे बसले होते आणि मग उठून आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते नुसते थकलेले दिसत होते. मी म्हटलं, "बाबा, तोंडाने सांगायचं होतंत ना. एक वाक्य."

"विचारल्याशिवाय?" बाबा म्हणाले. त्यांना माझं म्हणणं खरोखरच कळलं नव्हतं. उंटावरून पडून पाय मोडला तरी हा माणूस शेजाऱ्याने हाक मारेपर्यंत कण्हला नसता.

कर्नलला मात्र आपलं काहीतरी चुकलं अशी रुखरुख लागली असावी. तीन दिवसांनी तो परत आला, भेट म्हणून पीचच्या फोडींचे बारा डबे घेऊन. बाबांनी ते घेतले, आभार मानले, कॉफी ओतली. इकडची तिकडची बोलणी झाली. पाऊस किती पडला, समुद्रकाठी मासे कसे आहेत. आणि सुरय्या मावळायला दोन संध्याकाळी उरल्या होत्या.

मला ते सहन झालं नाही. मी पडद्याला तोंड लावून म्हटलं, "अहो, बैरूतचे शहाणे."

आईने मला जो चिमटा काढला त्याचा डाग आठवडाभर राहिला. पण तोंड उघडलंच होतं.

"तुमच्या साहेबाला सांगा, माझ्या बापाने त्याच्या घरी चार कप न पिता ठेवले. तहान नव्हती म्हणून नाही. आमच्याकडे कप ठेवला की मागणं असतं आणि यजमानाने विचारायचं असतं. लहान पोराला कळतं हे. आणि त्याला हेही सांगा, की त्याने स्वतः इथे फिंजान ठेवला होता, आणि माझ्या बापाने त्याला काय दिलं ते तुम्ही गिळून टाकलंत."

"फिद्दा," बाबा म्हणाले. बस एवढंच. तो राग मी पाहिलेल्या दोहोंपैकी एक.

नबीलचे बूट तेवढे चमकत राहिले, बाकी त्याचा रंग उतरला. पण माणूस प्रामाणिक निघाला. त्याने सगळं सांगितलं, मधेमधे बाबांना विचारत, स्वतःची चूकसुद्धा न लपवता. कर्नल ऐकत होता. त्याचे कान आणखी लाल झाले.

"विचारताहेत," नबील हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी यांना काय मिळालं?"

"माफी," बाबा म्हणाले.

"ते म्हणतात, मी मागितली नव्हती."

"आता परत घेता येत नाही," बाबा म्हणाले.

कर्नलने फिंजान उचलला, प्यायला, आणि आमच्या रीतीप्रमाणे 'पुरे' म्हणून दोनदा हलवून परत दिला. हे त्याने कुठे पाहिलं होतं कोण जाणे. जाताना म्हणाला, "उद्या माझ्याकडे या. कॉफी मी स्वतः करीन."

तो गेल्यावर सगळी वस्ती आमच्या तंबूत जमली. आता कर्नल विचारणार, आणि रीत कळल्यावर त्याला नाही म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच, की मागायचं काय. एका कपावर एकच मागणं असतं.

"विहिरी मागा," जदान म्हणाला.

म्हातारे माना डोलवायला लागले. कुणी म्हणालं, अबू फिद्दा, सगळ्या अरबांचं नाव काढशील. कुणी म्हणालं, एका पोरासाठी असली संधी घालवू नकोस, पोरं काय, पुष्कळ आहेत. बाबा निखाऱ्याकडे बघत होते. पडद्याआड मला जदानचा राग येत होता आणि तो बरोबर बोलतोय हेही मला कळत होतं. विहिरी सगळ्यांच्या होत्या आणि फालेह माझा एकटीचा. बाबांनी विहिरी मागितल्या असत्या तर मी त्यांना दोष देऊ शकले नसते. पण जदानशी संसार करताना जन्मभर मनातल्या मनात दिला असता.

त्या संध्याकाळी सुरय्या क्षितिजाच्या इतकी जवळ होती की धुळीतून चाचपून बघावी लागत होती. "आज चांदण्या दिसतायत," जदान म्हणाला. "उद्याचं सांगवत नाही."

दुसऱ्या दिवशी बाबा गेले. बरोबर जदान होताच. मी टेकाडावर शेळ्या घेऊन बसले. फाटक तिथून स्पष्ट दिसायचं. पत्र्याच्या खोलीत काय झालं ते मला नंतर जदानने सांगितलं. या वेळी तो हसत नव्हता.

कर्नलने स्वतः कॉफी ओतली. बाबांनी कप समोर ठेवला. कर्नलने पाठ केलेल्या वेड्यावाकड्या अरबीत विचारलं, "सांगा, पाहुणे. काय मागणं आहे?"

"आधी एक सांगा," बाबा म्हणाले. "इथे तुमचं स्वतःचं काय आहे?"

जदानने बाबांच्या कानात म्हटलं, "काका, विहिरी."

"विहिरी याच्या नाहीत," बाबा मोठ्याने म्हणाले, नबीलला भाषांतर करता यावं म्हणून सावकाश. "जे ज्याचं नाही ते त्याच्याकडे मागायचं म्हणजे ते त्याचं आहे असं कबूल करायचं. ते मी करणार नाही."

"मग मुलगा मागा," जदान म्हणाला. त्याच्या तोंडून हे कसं निघालं, हे तो मला कधीच सांगू शकला नाही.

"मुलगा तर मुळीच याचा नाही." बाबा कर्नलकडे वळले. "पण फाटक तुमचं आहे. तुम्ही आणलंत, तुम्ही बसवलंत. ते मला द्या."

नबीलने भाषांतर केलं. कर्नलने खिडकीतून फाटकाकडे बघितलं. त्याला ते पुरतं कळलं होतं, जदान म्हणाला. हा म्हातारा नुसतं लोखंड मागत नाही, हे त्याच्या कानांवर दिसत होतं.

"प्या," कर्नल म्हणाला.

बाबांनी तो बादलीएवढा कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. इतकं वाईट आपण जन्मात काही प्यायलो नाही, असं ते मरेपर्यंत सांगायचे, आणि अभिमानाने सांगायचे.

मला टेकाडावरून एवढंच दिसलं, की चार शिपाई पाने-पकडी घेऊन आले आणि त्यांनी बिजागऱ्या सोडवून फाटकाचे दोन्ही पल्ले उतरवले. मग ते पल्ले जदानच्या पिकअपमध्ये चढवले. कुंपणात गाडी जाईल एवढं भगदाड राहिलं आणि त्यात कुणी उभं नव्हतं. आधी आमची दोन माणसं बिचकत बाहेर आली. मग पाच. मग सगळी, गाठोडी खांद्यावर टाकून.

मी मोजत होते. बेचाळीस झाली. पुन्हा मोजली, बेचाळीसच.

सूर्य खाली गेला होता. फालेहचा पत्ता नव्हता. बाहेर आलेल्यांतल्या एकाला मी टेकाडावरूनच ओरडून विचारलं, लाजबीज गुंडाळून. तो म्हणाला, "तो व्हॉल्व्ह मिटवतोय."

"किती?"

"एकोणीस."

माणूस नसताना विहीर उघडी सोडायची नाही, हे फालेहच्या कामाचं पहिलं वचन. अमेरिका आली, फाटक गेलं, लग्न खोळंबलं, तरी ते वचन मोडणार नव्हतं. एका विहिरीपासून दुसरीपर्यंत पायी, चाक फिरवायचं, दाब बघायचा, पुढची. शिपाई बघत होते म्हणे, पण तो काय करतोय हे त्यांना कळलं नाही, आणि कळलं तेव्हा एकोणीस झाल्या होत्या. त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा जदान परवडला असता.

पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे. आमच्या विहिरींतून महिनाभर थेंब निघाला नाही, ही बातमी इतर कुंपणांत पसरली आणि तिथलीही माणसं व्हॉल्व्ह मिटून घरी जायला लागली. पुढच्या थंडीच्या आत फौज निघून गेली. कर्नलला त्याच्या वरिष्ठांनी काय सुनावलं ते त्याने पुढे आलेल्या पत्रांत कधी लिहिलं नाही. पीचचे डबे मात्र दर वर्षी पाठवायचा. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं, आणि असतं तरी मी लक्ष दिलं नसतं.

मगरिबचा, सूर्यास्तानंतरचा नमाज झाला. आमच्या तंबूपुढे सगळी वस्ती पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. काझी आलेला होता. आईने मला झगा चढवून पडद्यामागे बसवलं होतं आणि मी पडद्याची कड उचलून बघत होते. क्षितिजावर धूळ होती, तांबूस पट्टा होता. सुरय्या नव्हती. म्हाताऱ्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि हात खाली घेतले. कुणी बोललं नाही, कारण ते बोलायचा मान जदानचा होता. जदान शेकोटीपाशी बसून होता. बाबांनी त्याच्या हातात फिंजान दिला होता, आणि तो त्याने न पिता समोर ठेवला होता.

आता त्याचं मागणं काय असणार हे सांगायला नको होतं. बाबांना विचारणं भाग होतं. ते विचारायला तोंड उघडणार, तोच अंधुकात पावलं वाजली आणि फालेह आला. धापा टाकत, कोपरापर्यंत काळा, डोक्याला तोच न धुतलेला रुमाल. "सात नंबरला वेळ लागला," म्हणाला. एवढ्या माणसांत, त्या वेळी, हेच म्हणाला.

कुणी त्याला बस म्हटलं नाही. सगळे जदानकडे बघत होते.

"सांग जदान," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "काय मागणं आहे?"

"याला लवकर बसवून घ्या," जदान म्हणाला. "मावळायला आल्यात."

एक म्हातारा खाकरला. "दिसतायत तुला?"

"दिसतायत."

"किती?" बाबांनी विचारलं.

"सात."

चांगली नजर असलेल्याला सुरय्येत सहा चांदण्या दिसतात. पण जदानच्या नजरेवर शंका घ्यायची, तर आमच्या वस्तीने आजवर धरलेले सगळे रोजे खोटे ठरले असते. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकजण म्हणाला, हो, पुसटशा आहेत खऱ्या. दुसऱ्यालाही दिसल्या. काझीने घाईघाईने वही उघडली आणि फालेह काळ्या हातांनी बाबांच्या समोर बसला.

"प्या," बाबा जदानला म्हणाले.

मी पडद्याच्या कडेखालून बघत होते. आजही आमच्या शेळ्यांच्या गोठ्याला तेच फाटक आहे, आणि ते उघडताना दर वेळी मला ती संध्याकाळ आठवते. सगळी वस्ती रिकाम्या पश्चिमेकडे बघून माना डोलवत होती. एकटा जदान तिकडे बघत नव्हता. तो खाली मान घालून फिंजानात बघत होता, आणि मग त्याने तो उचलून एका दमात संपवला.